तिसरी सुई

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिला देवाने पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय. आणि काम मिळालं ते नेमकं बसायचं. परळच्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. हा शब्द आमच्या लालबागच्या चाळीत अजून कोणाच्या तोंडात बसलेला नाही. शेजारच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "डॉक्टरीण नाय ती, पण पेशंटशी बोलते." बरोबरच आहे. मी बोलते. गुप्तरोगाच्या पेशंटशी बोलते एवढंच काकू सांगत नाहीत, कारण ते त्यांना माहीत नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही.

आमच्या दारावर चर्मरोग असा बोर्ड आहे म्हणून बरं. खाज आलीय असं म्हणत आत शिरता येतं. आत आल्यावर विचारलं, "काय होतंय?" की एकेकाची उत्तरं ऐकावीत. उष्णता झालीय मॅडम. चाळीतला संडास सगळ्यांचा, तिथून लागलं. बाहेरचं खाणं बाधलं. बाइकची सीट तापते ना, त्याने. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसातला एक कडक इस्त्रीतला साहेब तर मला इंग्रजीतून स्विमिंग पूल समजावून गेला. शिकलेला असो नाहीतर नसो, खरं कारण सोडून सगळी कारणं माणसाच्या खिशात तयार असतात. मी ऐकून घेते, ऐकता ऐकता माझा पाय हलायला लागतो, मग माझं डोकं फिरतं आणि मी बोलायला लागते. डॉक्टर मॅडम म्हणतात, तुमचा आवाज जरा खाली. मी म्हणते, खाली आवाजातच तर सगळं बिघडलंय!

ही गोष्ट दोनेक वर्षांपूर्वीच्या गणपतीतली. श्रावण सरत आला होता. गरोदर बायकांच्या विभागातून एक मुलगी आमच्याकडे पाठवली. गरोदर बाईच्या रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यात सिफिलिसचीही असते, तशी तिची झाली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो हा आजार. चौथा महिना. माहेर गिरगावातलं, सासर घोडपदेवला, लग्नाला वर्ष होत आलेलं. बी. कॉम. झालेली, नीटनेटकी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली.

मी तिला सांगितलं. मी हे खूप जणींना सांगितलेलं आहे, तरी सवय होत नाही. ती पर्स सावरून पुढे झुकली. मग म्हणाली, "मॅडम, मी कुठे गेले नाही हो."

"मला माहीत आहे."

"मला काही होतही नाहीये. दुखत नाही, खुपत नाही."

"नाहीच होत बऱ्याचदा. म्हणून तर रक्त तपासतात."

"आणि बाळ?"

तिने विचारलं म्हणून मी आडपडदा ठेवला नाही. औषध घेतलं नाही तर बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा जन्माला येताना आजार घेऊन येतं. औषध घेतलं, वेळेत घेतलं, तर बहुतेक वेळा बाळ छान असतं. तीन इंजेक्शनं, कमरेत, दर सोमवारी एक. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात, आणि तेवढे दिवस आजार पोटातल्या बाळाशी खेळणार. शिवाय नवऱ्याची तपासणी आणि त्यालाही औषध, नाहीतर तो पुन्हा तिला देणार. तिने सगळं ऐकलं आणि त्याच दिवशी पहिली सुई घेतली. जाताना लंगडत होती, दुखतं ते इंजेक्शन. दारातून वळून म्हणाली, "घरी काय सांगू?"

मी म्हटलं, घरी काय सांगायचं ते तुझ्या हातात. आमच्याकडून कोणाला काही कळणार नाही.

दुसऱ्या सोमवारी ती आली तेव्हा बरोबर सासू होती. ठेंगणी, काटक बाई, नऊवारी नाही पण पाचवारीसुद्धा खोचून नेसल्यासारखी नेसलेली. मुलीने घरी सांगितलं होतं, रक्त कमी आहे म्हणून ताकदीची सुई घ्यावी लागते. सासू बाहेर बाकावर बसली. आत आल्या आल्या मुलगी रडायला लागली.

नवऱ्याला तिने सांगितलं होतं. कसं सांगितलं असेल तिचं तिला ठाऊक. तो म्हणाला, "माहेरून आणलं असशील."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. तिच्यासमोर त्याला शिव्या घालून तिचं काय भलं होणार होतं? पाणी दिलं. मग तिने दुसरं सांगितलं, ते जास्त वाईट होतं. घरचे सगळे गणपतीला गावी निघाले होते, खारेपाटणजवळ. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीतल्या गाववाल्यांनी मिळून बस केली होती, ती शुक्रवारी रात्री सुटणार होती. शनिवारी चतुर्थी. परत यायचे ते गौरी-गणपती करून, वर पाहुणचार करून. म्हणजे तिसरा सोमवार गावात जाणार होता.

"नको जाऊ," मी म्हटलं.

"मॅडम, माझा पहिला ओवसा आहे."

हे मला कोकणातलीला समजावून सांगायची गरज नव्हती. लग्न झालेली मुलगी सासरच्या गौरीपुढे सुपांतून फळं, भाज्या, ओटीचं सामान घेऊन जाते, तो ओवसा. पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही, गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतो. त्या वर्षी येत होती. हुकला तर पुन्हा कधी, सांगता येत नाही. भावकीतल्या सगळ्या बायका वाट बघत असतात.

"गावातल्या आरोग्य केंद्रात घेशील? मी चिठ्ठी देते, फोन करते."

"तिथली नर्स सासूबाईंची भाची आहे."

झालं! मी कपाळावर हात मारला.

"आणि सासूबाई म्हणतात, सुई कशाला, गावाला नाचणीची आंबील आहे, गूळ-खोबरं आहे, महिन्यात रक्त भरून निघेल." ती डोळे पुसत मधेच हसली. "तशा चांगल्या आहेत हो. मला विळीला हात लावू देत नाहीत. कात्रीसुद्धा नाही. ग्रहण नसलं तरी. दिवस राहिल्यापासून घरातल्या सगळ्या धारेच्या वस्तू त्यांनी माळ्यावर टाकल्यात. भाजी स्वतः चिरतात आणि लगेच विळी वर."

मला त्या विळीचं तेव्हा काही वाटलं नाही. लाड चाललेत, एवढंच मनात आलं. मी त्या लबाडीवर चिडले होते. रक्त कमी आहे असं सांगितलं, आणि त्या लबाडीनेच आता सुई काढून घेतली होती. सासू प्रेमानेच तिला सुईपासून लांब नेत होती, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी?

मंगळवारी मी त्याला गाठलं. मुलीच्या परवानगीने फोन केला, तो दवाखान्यात यायला तयार नव्हता, म्हणून ओपीडी संपल्यावर मीच लोअर परळला गेले. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, तिथल्याच एका उंच इमारतीत त्याची ड्यूटी होती. मागच्या गल्लीत चहाच्या टपरीवर उभे राहिलो. देखणा पोरगा, केस नीट विंचरलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"मॅडम, मला बघा ना. ठणठणीत आहे मी."

"दिसायला ठणठणीतच असतात सगळे. लग्नाआधी कधी कुठे पुळी, जखम काही झाली होती?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. मग जणू बढतीची बातमी द्यावी तसा म्हणाला, "झाली होती ना. कंपनीने गुजरातला पाठवलं होतं तेव्हा. बारकीशी. दुखत पण नव्हती. उष्णता होती ती. गुलकंद खाल्ला, सब्जा घालून दूध प्यायलो, साफ गेली. डाग पण नाही राहिला. डॉक्टरचं तोंड बघावं लागलं नाही!"

इतका वेळ मी त्याला अहो-जाहो करत होते. ते संपलं.

"अरे गाढवा, ती आपोआपच जाते. तू गुलकंद खा नाहीतर दगड खा, ती जाणारच. वरून जाते आणि रक्तात राहते. ती तू घरी आणलीस. आणि त्या पोरीला म्हणतोस माहेरून आणलंस?"

चहावाल्याने मान वर केली. पोरगा लाल झाला. "हळू बोला ना, मॅडम."

"मग दवाखान्यात ये, तिथे हळू बोलते."

"गावावरून आल्यावर बघू," म्हणाला, आणि अर्धा चहा टाकून निघून गेला. मी तिथेच उभी. त्याचा चहा, माझा चहा, दोन्हीचे पैसे मीच दिले. परळपर्यंत चालत आले. चालल्याशिवाय मला विचार करता येत नाही, आणि त्या दिवशी चालूनही आला नाही.

बुधवारी मी घरी काय केलं ते विचारू नका. भात लागला, दूध उतू गेलं. नवरा म्हणाला, "मोदकाचं सारण तरी शुद्धीत कर." खाली रस्त्यावर मंडपाचे बांबू ठोकत होते, स्पीकरची तपासणी चालली होती, हॅलो हॅलो, आणि माझ्या डोक्यात एकच: ती शुक्रवारी बसमध्ये बसणार. सासूला सांगावं? नाही सांगता येत. पेशंटचं गुपित पेशंटचं. ते मोडलं तर उद्या कोणी माझ्या दारात उभं राहणार नाही आणि राहू पण नये. आडून सांगावं? कसं? कूस बदलत राहिले, शेवटी नवऱ्याने उशी घेतली आणि बाहेर गॅलरीत झोपला.

गुरुवारी सकाळी बघते तर काय, दोघी हजर! गरोदर बायकांच्या विभागात गर्दी होती, प्रवासाआधी लोहाच्या गोळ्या घ्यायला सासूने सुनेला आणलं होतं. सासूच्या मांडीवर नव्या कोऱ्या सुपांची जुडी, सुतळीने बांधलेली. ओवशाची सुपं. येता येता लालबागच्या बाजारातून घेतलेली.

तिथल्या बाकांवरच्या बायकांना अधूनमधून आरोग्याची माहिती द्यायची, हेही माझंच काम आहे. चित्रांचा तक्ता असतो, तो उभा करायचा आणि बोलायचं. एरवी मी लोहापासून सुरू करते, स्वच्छतेवर येते, आणि गुप्तरोगाच्या चित्रापाशी बायका पदर तोंडाला लावून हसतात, त्यात दोन वाक्यं सांगून पुढे जाते. त्या दिवशी तक्ता सरळ त्याच चित्रावर उघडला.

"आज एकच गोष्ट सांगणार आहे," मी म्हटलं. "हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या."

आणि मी सुटले. म्हटलं, हा आजार संडासातून लागत नाही. उष्णतेने होत नाही, सब्जाने जात नाही. कोणाची नजर लागून होत नाही. पुरुष कुठून तरी घेऊन येतो, त्याला काही होत नाही, तो हिंडतो-फिरतो. बायकोला देतो, तिलाही काही होत नाही. होतं ते पोटातल्या बाळाला. दिवस भरत आले की ते आतच मरतं, मेलेलं जन्माला येतं. मग घरात काय होतं? बाईला धरतात. हिने हे खाल्लं, हिने ते ओलांडलं, हिचा पायगुण. अहो, तिच्या पायाचा काय संबंध? आणि इलाज काय आहे माहितीय? इंजेक्शन. साधं, जुनं, फुकट मिळणारं इंजेक्शन. वेळेवर घेतलं तर बाळ वाचतं. गावाला जायचं असेल, सण असेल, लग्न असेल, काही असो, डॉक्टरांनी सांगितलेला दिवस चुकवायचा नाही. गावचा देव कुठे पळून चालला नाही!

शेवटचं जरा जास्तच झालं. मी तिच्या सासूकडे बघितलं नव्हतं, सुनेकडे तर अजिबातच नाही. तक्ता मिटला तेव्हा माझ्या कानशिलाला घाम आला होता. दोघी-तिघींनी काही विचारलं, मी काय उत्तरं दिली आठवत नाही.

माझ्या खोलीत येऊन बसते न बसते तोच दारात ती सासू. सून गोळ्यांच्या रांगेत होती. सुपांची जुडी छातीशी धरून ती आत आली आणि दार तिने स्वतः लोटलं.

"बाय, तू म्हटलंस ता खरा काय?"

"काय, काकी?"

"ता मेलेल्या पोरांचा."

"खरं आहे."

ती बसली नाही. "तशा पोराची कातडी सुटता काय गो? हातात घेतल्यार सालपटासारी हाताक येता?"

माझा हलणारा पाय थांबला. हे मी तक्त्यापुढे सांगितलेलं नव्हतं. हे तक्त्यावर नसतं. हे डॉक्टरांच्या पुस्तकात असतं, नाहीतर ज्याने असं मूल हातात घेतलंय त्याला माहीत असतं.

"हो," मी म्हटलं.

"माजी दोन तशी झाली. पयलो झिल, मागसून चेडू. गावाक. हे हय मिलात, एका खोलयेत बापयेच बापये. वर्साक एकदा गणपतीक घराक येयत." तिचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातला भाव सांगावा तसा. "सासू म्हणाली, तू गिराण पाळूक नाय. गिराणात इळी हातात घेतलंस, म्हणान पोराची कातडी सोलली. माका वाटला, घेतलंय आसतलंय. याद नाय, पण घेतलंय आसतलंय."

झिल म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, बापये म्हणजे पुरुष, आणि गिराण म्हणजे ग्रहण. विळी! ती माळ्यावर टाकलेली विळी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"तिसऱ्या खेपेक ह्यांनी मुंबयक हाडल्यानी. हय डॉक्टरान कमरेत सुयो मारल्यान. कित्याक ता कोणी सांगूक नाय. मी इचारूक नाय. मगे ह्यो झिल झालो, जिवंत. मी म्हटलंय, गवर पावली. गवरीकडे नवस केललंय ना मी. तेवापासून एक वर्स चुकवूक नाय." तिने सुपांवरची सुतळी बोटाने ओढली, सोडली. "त्यो सुयो ह्योच काय गो?"

"बहुतेक ह्याच, काकी."

"मगे गिराणाचा काय नाय?"

"नाही."

"इळयेचा?"

"नाही. तुमची काही चूक नव्हती. काहीसुद्धा नाही."

ती उभीच राहिली. मी आजवर किती बायकांना हे वाक्य म्हटलंय, पण कोणी ते असं उभ्याने, सगळं वजन स्वतःच्या पायांवर ठेवून ऐकलेलं नाही. मला रडू आलं, आणि रागही आला. तिच्या मेलेल्या गिरणी कामगार नवऱ्याचा आला, तिच्या सासूचा आला, आणि सुई टोचून एक वाक्य न बोलणाऱ्या त्या वेळच्या सगळ्या जगाचा आला. एक वाक्य सांगितलं असतं तर ही बाई आयुष्यभर विळीला घाबरत जगली नसती.

"सून माझ्याकडे काय बोलूक नाय," ती म्हणाली. "तू पण बोला नको. मी इचारूचंय नाय."

"बरं."

"तिची सुई सोमवारची ना?"

"सोमवारची. दुपारी बारापर्यंत."

"गणपती धाकटो दीर बसवात. बस जाव दे. आमी सोमवारी रातीच्या एस्टीन जातलंव, गवरीक पोचतलंव." दार उघडता उघडता ती थांबली. "उद्या झिलाक हाडतंय."

मुलाचं मी नावही काढलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती त्याला घेऊन आली. हात धरलेला नव्हता, पण धरल्यासारखाच तो चालत होता. खोलीबाहेरच म्हणाला, "आई, मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुका काय झाला नाय रे. तुझ्या बापाशीक पण काय झाला नव्हता."

त्याला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पण त्याने बाही वर केली. रक्त दिलं. रिपोर्ट यायचा तोच आला. आपली पहिली सुई त्याने दात आवळून घेतली, उरलेल्या दोन गावाहून आल्यावर घ्यायच्या ठरल्या, कारण पोटुशी नसेल तिथे दोन-चार दिवस मागेपुढे चालतात, आणि तोवर बायकोजवळ जायचं नाही हेही मी त्याला बजावलं. खोलीतून बाहेर पडताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला मी ते माहेरचं म्हणालो..."

"मला नको सांगूस. तिला सांग."

शनिवारी आमच्याकडे गणपती बसले. आरतीला मी उभी, टाळ हातात, आणि डोक्यात सोमवार. सासू म्हणाली खरं, पण दीर काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, रात्रीत मन फिरलं तर? रविवारी पाहुणे येत होते, मी प्रत्येकाला दोनदा प्रसाद देत होते.

सोमवारी सकाळी दवाखान्यात आले ती दारातच घुटमळत राहिले. लालबाग-परळमध्ये गणपतीत चालणं मुश्कील असतं, रस्ते बंद, दर्शनाच्या रांगा, बांबूचे अडसर, पोलीस इकडून हाकलतात तिकडून वळवतात. दहा वाजले, अकरा वाजले. फोन लागत नव्हता. मी जिन्यापर्यंत जाऊन येत होते. इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर म्हणाली, "अहो, तुम्ही बसा, मला चक्कर येतेय तुमच्याकडे बघून." बाराला दहा मिनिटं राहिली. ती ट्रे आवरायला लागली. मी तिला म्हटलं, "पाचच मिनिटं थांब ना गं, माझी बाय." तिने तोंड वाकडं केलं पण थांबली.

बाराला टेकले तेव्हा जिन्यावर आवाज आला. "सरका, सरका वाटेतसून, पोटुशी बाय आसा!" पुढे सासू, डोक्यावर सुपांची जुडी, तिच्यामागे सून घामाने डबडबलेली, आणि सगळ्यात मागे दोन्ही खांद्यांवर गावच्या बॅगा घेतलेला तो. घोडपदेवहून चालत आले होते, बस बंद होत्या. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी ओरडले काय तर, "ही काय वेळ झाली?"

"लालबागच्या रांगेत आमका पण उभ्या करूक बघी होते," सासू म्हणाली. "मी म्हटलंय, आमचो गणपती दुसरीकडे आसा."

सुनेने तिसरी सुई घेतली. सासू पडद्याबाहेर उभी होती, तोंड भिंतीकडे. सुई झाल्यावर सून लंगडत आली, तेव्हा तिने फक्त तिचा पदर सारखा केला, आणि तिघं एस्टीला गेली.

गावाहून परतल्यावर नवऱ्याने उरलेल्या दोन सुया निमूट घेतल्या. मुलीने मला सांगितलं, गौरीच्या नैवेद्याची भाजी चिरायची होती, घर बायकांनी भरलेलं, आणि सासूबाईंनी सगळ्यांदेखत तिच्यापुढे विळी ठेवली. म्हणाल्या, चिर. चुलतसासू म्हणाली, अगं पोटुशी आहे ती. सासूबाई शेजारी बसून भोपळा पुढे करत राहिल्या. मुलगी मला विचारत होती, त्यांना अचानक काय झालं असेल? मी म्हटलं, काय माहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण गिरगावच्या मंडळींना काहीतरी सांगून सासूने तिला इथेच ठेवलं. माघात ती बाळंत झाली. मला वरून निरोप आला तेव्हा मी पेशंटसमोर होते. त्याला अर्ध्यावर सोडून गेले, खोटं कशाला सांगू. बाळाचं रक्त तपासायला घेतलं होतं, रिपोर्ट पुढे चांगलाच आला, पण तेव्हा तो यायचा होता आणि मी जिने चढताना देवाचं नाव घेत होते, जे मी सहसा घेत नाही.

वॉर्डात पलंगाशेजारच्या स्टुलावर सासू बसली होती. बाळ तिच्या मांडीवर, दुपट्यात. नवरा खिडकीपाशी उभा. सून थकून हसली माझ्याकडे बघून. मुलगी झाली होती, पण ते मला नंतर कळलं, कारण सासूने मला बघितलं आणि आधी दुपट्यातून बाळाचा पाय बाहेर काढला. एवढासा लाल पाय. तिने त्याच्या तळव्यावर अंगठा ठेवला आणि टाचेकडून बोटांकडे फिरवला, दाबून. मग उलटा फिरवला. मग बोटांच्या बेचक्यांतून. बाळ कळवळून रडायला लागलं.

"अहो आई, दुखतंय तिला," सून म्हणाली.

"दुखूं दे," सासू म्हणाली. ती रडत होती, आणि अंगठा काही थांबत नव्हता. "कातडी घट आसा गो बाय. बघ, घट आसा."